माळ कापली की दिवे जायला लागतात: एलईडी माळांचं नेहमीचं दुखणं

गणपती आणि दिवाळी, दोन्ही वेळा हीच तक्रार ऐकू येते. माळ मखरापेक्षा किंवा गॅलरीपेक्षा लांब होती, म्हणून शेपटाकडचा तुकडा कापला. उघडी टोकं पिळून जोडली, टेप गुंडाळली. माळ लागली, आधीपेक्षा लख्खच लागली. तीन-चार रात्रींनी पाव माळ बंद. मेलेला दिवा शोधून काढला, त्या जागी वायरी जोडल्या, माळ पुन्हा सुरू. मग दुसरा दिवा गेला, त्यानंतर तिसरा, आणि प्रत्येक वेळी मधलं अंतर कमी होत गेलं. शेवटी माळ कचऱ्यात आणि शेरा ठरलेला: चायना माल, टिकत नाही.

माल स्वस्त असतो हे खरंच. पण या दुखण्यात दोष बहुतेक वेळा मालाचा नसून आपल्या कात्रीचा असतो. कापल्यावर माळ जास्त लख्ख लागली, तिथेच ती मरायला लागलेली असते. दिवे का जातात हे एकदा समजलं की तीच माळ हव्या त्या मापाची करता येते आणि ती वर्षानुवर्षं चालते.

आधी जिवाचं

इथे बोलतोय ती 'राइस लाइट' म्हणून मिळणारी, थेट २३० व्होल्टच्या पिनेवर चालणारी माळ. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत आणि आता प्रत्येक गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात हीच सर्वांत जास्त खपते. तिच्या डबीत ट्रान्सफॉर्मर नसतो. डबी उघडली तर चार डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) दिसतात, काळ्या थेंबाखाली झाकलेली एक चिप, दोन ते चार थायरिस्टर (दिवे चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), एखादा छोटा कपॅसिटर आणि मोड बदलायचं बटण. म्हणजे दिवे नाजूक दिसले तरी माळेतली प्रत्येक वायर भिंतीतल्या लाइनला थेट जोडलेली आहे. खाली सांगितलेलं कुठलंही काम करताना बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून बाहेर काढून समोर दिसेल अशी ठेवा. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर बटण बंद असतानाही माळेत फेज असतो, आणि जुन्या घरांत, एक्स्टेन्शन बोर्डांत हे सर्रास आढळतं.

माळ आतून कशी असते

पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप. निळ्या, हिरव्या आणि पांढऱ्या दिव्याला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल-पिवळ्याला साधारण २. घरातल्या २३० व्होल्टवर असा एकटा दिवा लावता येत नाही, म्हणून बरेच दिवे एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडतात. अशा एका सिरीजला मी इथे 'गट' म्हणतो. एका माळेत असे दोन, चार किंवा जास्त गट असतात. प्रत्येक गटाच्या वाटेत एक रेझिस्टर असतो. वायरीवर मधेच थोडा फुगवटा असलेली स्लीव्ह दिसते ना, तिच्या आत तो असतो. बरेच जण तिला नुसता जोड समजून कापून टाकतात. करंटला आवर घालणारी त्या गटातली तीच एक वस्तू असते.

इथे डोळ्यांना फसवणारी एक गोष्ट आहे. शेजारी-शेजारी असलेले दोन दिवे बहुधा एका गटातले नसतात. चार गटांच्या माळेत पहिला दिवा पहिल्या गटाचा, दुसरा दुसऱ्याचा, पाचवा पुन्हा पहिल्याचा, असं विणलेलं असतं, म्हणून तर ते धावल्यासारखे दिसतात. त्यामुळे शेपटाकडचे २० दिवे कापले तर प्रत्येक गटातून ५ दिवे गेले. आणि चारही गटांची टोकं जिथे एका सामाईक वायरीला मिळत होती ती जागाही गेली, म्हणून कापल्याबरोबर सगळी माळ अंधारते. मग माणूस ती टोकं पिळून जोडतो आणि गोष्ट सुरू होते.

गट ओळखायला माळ सावकाश मोडवर लावा. एका वेळी जे दिवे लागतात-विझतात ते एका चॅनेलचे, म्हणजे डबीतून निघणाऱ्या एका वाटेचे. रंगीत धाग्याने खूण करा, मोजा आणि आकडा डबीवर लिहून ठेवा. एका चॅनेलवर कधी दोन गट समांतर (प्रत्येकाची वाट वेगळी, असे) असतात, तेव्हा त्या चॅनेलवरच्या रेझिस्टरच्या स्लीव्ह किती ते पाहिलं की उलगडा होतो.

दहा दिवे काढले तर नेमकं काय होतं

२३० व्होल्ट हा आपल्या लाइनचा सरासरीसारखा आकडा आहे. प्रत्येक लाटेच्या माथ्यावर व्होल्टेज साधारण ३२५ पर्यंत जातं. दिव्यांना त्यातलं जे लागतं ते वजा केलं की उरलेलं सगळं रेझिस्टरवर पडतं आणि त्या उरलेल्यावरून करंट ठरतो. दोन माळा घेऊ.

पहिलीच्या गटात ५० पांढरे दिवे. त्यांना लागले १५० व्होल्ट, उरले १७५. रेझिस्टर ८.२ किलोओहमचा असेल तर माथ्यावरचा करंट सुमारे २१ मिलिअँपिअर. आता १० दिवे काढले. दिव्यांना लागले १२०, उरले २०५, करंट २५ मिलिअँपिअर. वाढ झाली, पण सोसवेल इतकी.

दुसरीच्या गटात १०० दिवे. त्यांना लागले ३०० व्होल्ट, उरले अवघे २५. इथे रेझिस्टर लहान, १.२ किलोओहम, आणि करंट तोच, २१ च्या आसपास. यातून तेच १० दिवे काढले तर उरले ५५ व्होल्ट आणि करंट ४६ मिलिअँपिअर. दुपटीहून जास्त! या माळांतले दिवे साधारण २० मिलिअँपिअरचे असतात. शिवाय दिवे कमी झाले की प्रत्येक लाटेत ते जास्त वेळ पेटलेले राहतात, म्हणजे तापतातही जास्त.

प्रत्यक्षात करंट वाढला की दिव्याचं व्होल्टेजही किंचित वाढतं, त्यामुळे खरे आकडे थोडे सौम्य येतील. पण यावरून एक गोष्ट पक्की होते: गटात दिवे जितके जास्त आणि रेझिस्टर जितका लहान, तितकी ती माळ कापायला नाजूक. शेजाऱ्यांनी दहा दिवे काढले आणि काही झालं नाही, आम्ही काढले आणि माळ गेली, या कोड्याचं उत्तर एवढंच आहे.

हाच हिशोब लाइनच्या व्होल्टेजलाही लावून पाहा. मध्यरात्रीनंतर परिसरातला लोड उतरतो आणि बऱ्याच ठिकाणी व्होल्टेज चढतं. २३० चे २५० झाले की माथा ३५४ वर जातो. पहिल्या माळेत करंट २१ वरून २५ होतो, दुसरीत २१ वरून ४५. न कापलेली दुसरी माळसुद्धा पहाटे त्रासात असते. रात्रभर चालू ठेवलेल्या माळा सकाळी अर्ध्या मेलेल्या सापडतात त्याचं हे एक मोठं कारण. रात्री झोपताना माळ बंद करणं हा या दुखण्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

न पेटणारा एखादा दिवा सोडून देऊ नका

एलईडी दोन तऱ्हांनी मरतो. बहुतेकदा आतली बारीक तार तुटते, वाट बंद होते आणि अख्खा गट विझतो. पण कधी कधी तो आतून शॉर्ट होतो. तेव्हा गट चालू राहतो, फक्त तो एक दिवा काळा दिसतो. लोक म्हणतात, एकच तर गेलाय, असू दे. त्या गटाच्या दृष्टीने मात्र एक दिवा काढून टाकल्यासारखंच झालं आणि उरलेल्यांवरचा ताण वाढला. दुसरा शॉर्ट झाला की आणखी वाढला. पुन्हा-पुन्हा तक्रार येणाऱ्या माळेत मी सर्वांत आधी पेटलेल्या गटातले काळे दिवे मोजायला सांगतो. दोन-तीन सापडले तर ते आधी बदला. नाहीतर बाकीची सगळी दुरुस्ती वाया जाते.

विझलेल्या गटातला मेलेला दिवा शोधणं

पिन काढा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, तिच्या एका टोकाला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा आणि दोन वायरींच्या टोकांना टाचण्या लावा. दिव्याखालचं प्लॅस्टिकचं बूच सैल करून दिव्याच्या दोन पायांना टाचण्या टेकवल्या की चांगला दिवा मंद पण स्पष्ट पेटतो. नाही पेटला तर टाचण्या उलट करून पाहा. तरीही नाही, तर तो गेला. मल्टिमीटरचा डायोड मोडही चालतो, पण काही स्वस्त मीटर त्या मोडवर इतकं कमी व्होल्टेज देतात की चांगला पांढरा दिवाही गेल्यासारखा वाटतो. म्हणून मला बॅटरी जास्त भरवशाची वाटते.

वायरीजवळ धरला की पीप वाजणाऱ्या पेन-टेस्टरने, चालू माळेत तुटलेली जागा शोधण्याचा सल्ला बरेच जण देतात. साध्या माळेत तो उपयोगी पडतो. पण डबीत चार डायोडचा ब्रिज (लाइनचा करंट एका दिशेचा करणारी जोडणी) असेल तर तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना पीप वाजू शकतो आणि तुम्ही भलत्याच दिव्यामागे लागता.

बरेचदा दिवा ठणठणीत असतो आणि पायच तुटलेला असतो. यांचे पाय बहुधा कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. मुंबई, कोकण, गोवा, जिथे हवा खारी आणि दमट, तिथे एका पावसाळ्यात त्यांना गंज धरतो. बुचाखाली तांबूस किंवा हिरवट पावडर दिसली तर शेजारचे दिवेही तपासा, एकटाच सहसा नसतो.

बदली दिवा त्याच रंगाचा लावा. पांढऱ्याच्या जागी लाल बसवला तर गटाचा एक व्होल्ट कमी झाला. एकाने फार फरक पडत नाही, पण हौसेने दहा बदलले की हिशोब बिघडतो. दिशाही महत्त्वाची. उलटा बसवलेला दिवा वाट अडवतो, आणि उलट्या दिशेने ५ व्होल्टच्या वर सोसायची त्याची तयारी नसते, म्हणून माळ लावल्याबरोबर तोही जातो. आधी बॅटरीवर दिशा पाहून मगच सोल्डर करा. कापलेलं शेपूट फेकू नका, बदलीचे उत्तम दिवे त्यातच मिळतात.

मग माळ लहान करायची तरी कशी

पहिला मार्ग, आणि माझ्या मते घरच्यासाठी सर्वांत चांगला: कापूच नका. जास्तीचे दिवे मखराच्या मागे न्या, प्रत्येकावर काळ्या हीट श्रिंक स्लीव्हचा तुकडा चढवा, किंवा ते जाड काळ्या कापडाच्या सैल पिशवीत पसरून ठेवा. करकचून गुंडाळी मात्र करू नका, आणि थर्माकोलला चिकटवून तर नकोच. दिवे लागत राहतात, फक्त दिसत नाहीत. पुढच्या वर्षी सजावट मोठी झाली की तेच दिवे बाहेर.

दुसरा मार्ग सोल्डरिंग येणाऱ्यांसाठी. जितके दिवे काढले त्यांचं व्होल्टेज खाईल इतका रेझिस्टर त्याच गटात वाढवायचा. एका गटातून १० पांढरे दिवे गेले म्हणजे ३० व्होल्ट गेले. माथ्याचा करंट २० मिलिअँपिअर धरला तर ३० भागिले ०.०२, म्हणजे १५०० ओहम. तर १.५ किलोओहम, १ वॅटचा रेझिस्टर घ्या. अर्ध्या वॅटचाही चालून जाईल, पण बंद स्लीव्हमध्ये उष्णता साठते, म्हणून मोठा बरा. ५ दिवे गेले तर ७५० ओहम येतात, बाजारात ८२० चा सहज मिळतो, तो लावा. आकडा नेहमी वरच्या बाजूला घ्या. प्रकाश जरासा उतरला तरी डोळ्यांना कळत नाही आणि दिव्याचं आयुष्य वाढतं. हे प्रत्येक गटाला स्वतंत्र करायचं आहे, सगळ्यांसाठी मिळून एकच रेझिस्टर लावून चालणार नाही. आणि गटातले पाव भागापेक्षा जास्त दिवे काढायचे असतील तर तो नाद सोडा, लहान माळच आणा. रेझिस्टरला इतकी वीज जाळायला लावण्यात अर्थ नाही.

जोड पिळून आणि टेप लावून करू नका. ऑक्टोबरच्या उन्हात गॅलरीतल्या इन्सुलेशन टेपचा गोंद विरघळतो आणि टेप सरकते. सेलोटेपचं तर नावच नको. सोल्डर करा, प्रत्येक जोडावर वेगळी स्लीव्ह घाला आणि जोड एका रेषेत न ठेवता पुढेमागे ठेवा, म्हणजे एखादी स्लीव्ह फाटली तरी दोन उघड्या तारा समोरासमोर येत नाहीत.

तांब्याच्या तारेची माळ

बारीक लवचीक तारेची, बाटलीत किंवा आकाशकंदिलात घालतात ती माळ वेगळी. तिच्यात दिवे समांतर असतात, त्यामुळे ती कुठेही कापली तरी उरलेली चालते. फक्त कापलेल्या टोकाशी दोन तारा एकमेकींना टेकू देऊ नका, एक थोडी आखूड कापा. तारेवर लाखेचा पातळ थर असतो, जोड द्यायचा तर तो ब्लेडने खरवडावा लागतो.

हिची नेहमीची तक्रार अशी: तीन पेन्सिल सेलची डबी काढून तिथे यूएसबीची वायर जोडली आणि दोन दिवसांत दिवे निळसर होऊन मेले. कारण रेझिस्टर त्या डबीत होता आणि डबीबरोबर तोही गेला. शिवाय सेल हळूहळू उतरतात, यूएसबीचे ५ व्होल्ट उतरत नाहीत. २० पांढऱ्या दिव्यांना मिळून साधारण १०० मिलिअँपिअर धरा. ५ मधून ३ गेले, उरलेल्या २ व्होल्टसाठी २२ ओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर वाटेत घाला. कापून १० दिवेच ठेवलेत तर ४७ ओहम.

अडॅप्टर आणि मोडची डबी असलेल्या काही माळांत दोनच तारा असतात आणि तरी दिव्यांचे दोन संच आलटून पालटून लागतात. त्यात अर्धे दिवे सुलटे आणि अर्धे उलटे जोडलेले असतात, डबी सतत दिशा बदलत राहते. डबी काढून ही माळ थेट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या करंटवर, लावली की अर्धेच दिवे लागतात आणि तारा उलट केल्या की उरलेले अर्धे. माळ बिघडलेली नाही, डबी परत लावा.

बटण बंद करूनही मिणमिणते

बटण न्यूट्रलवर असेल किंवा बटणात इंडिकेटरचा छोटा दिवा असेल तर जो अगदी थोडा करंट पाझरतो तो एलईडीला मिणमिणायला पुरतो. दिव्यांना याचा त्रास नाही, पण पहिल्या कारणात माणसाला धोका आहे, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून फेज बटणावर घ्या.

परदेशातली माळ

अमेरिकेतून कुणी ख्रिसमसची माळ आणली तर ती १२० व्होल्टची असते. तिथला माथा १७० व्होल्ट, आपला ३२५. पिन बदलून ती इथे लावली की क्षणात जाते. उलट इथली माळ तिकडे दिवाळीला नेली तर बहुतेक वेळा ती मंद लागते किंवा लागतच नाही, कारण गटाला १७० च्या जवळपास किंवा त्याहून जास्त व्होल्ट हवे असतात. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेल्या, कमी व्होल्टेजच्या माळाच दोन्हीकडे चालतात.

गॅलरी, ग्रिल आणि फ्यूज

लोखंडी ग्रिलवर २३० व्होल्टची माळ गुंडाळण्याची पद्धत मला मनापासून नको वाटते. वायरीचं प्लॅस्टिक पातळ, ग्रिलच्या कडा धारदार, वर दव, आणि खाली लहान मुलं ग्रिल धरून फटाके बघत उभी. बाहेरसाठी अडॅप्टरवर चालणारी १२ किंवा २४ व्होल्टची माळ घ्या आणि अडॅप्टर घराच्या आत ठेवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्टचं बटण सणाआधी दाबून पाहा.

एकीच्या शेपटाला दुसरी अशा माळा जोडताना सगळ्यांचा करंट पहिल्या माळेच्या केसासारख्या तारांतून जातो. तारा तापून वितळल्या तरी घरातला ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) पडेलच असं नाही, तो भिंतीतल्या वायरिंगसाठी असतो. त्यामुळे बोर्डावरच काचेचा १ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट बसवा. एका माळेला १० वॅट धरले तरी दहा माळांना अर्धा अँपिअरही लागत नाही, म्हणजे तो विनाकारण उडणार नाही. तरी उडालाच तर मोठा फ्यूज टाकू नका, माळा एकेक करून सोडवा आणि कोणती शॉर्ट आहे ते शोधा.